वाटणी झाली, आता सोयरीक कोणाशी? ब्रिटनच्या व्यापार करारांवर तुमचे प्रश्न

मागच्या अंकात भारत-ब्रिटन करारावर चार ओळी काय लिहिल्या, प्रश्नांचा ढीगच आला. काही अगदी कामाचे होते, काही नुसतेच चिडून लिहिलेले, आणि एकाने तर "स्कॉच कधी स्वस्त होणार तेवढंच सांगा, बाकी भाषण नको" असं लिहिलंय. त्यांचंही उत्तर खाली आहे. बऱ्याच जणांनी नाव छापू नका म्हटलं, म्हणून गावं तेवढी देतोय. मी काही अर्थतज्ज्ञ वगैरे नाही, न्हावाशेवाला निर्यातीच्या कागदांमध्ये २२ वर्षं काढली त्यामुळे जे बोलेन ते कागदाच्या बाजूने बोलेन.

प्रश्न (नाशिक): सर, ब्रिटन ईयूतून (युरोपियन युनियनमधून) बाहेर पडून इतकी वर्षं झाली, तरी अजून याच्याशी करार त्याच्याशी करार चालूच. बाहेर पडल्यावर हवा त्याच्याशी धंदा करायला मोकळे झाले ना? मग अडलंय कुठे?

मोकळे झाले, बरोबर आहे, पण मोकळं होणं आणि घडी बसणं यात फरक आहे. आपल्याकडे भावाभावांची वाटणी होते तेव्हा बघा, चूल एका दिवसात वेगळी होते पण सातबारावर फेरफार चढायला वर्षं जातात आणि विहिरीच्या पाळीवरून भांडण तर नातवंडांपर्यंत चालतं. ब्रिटनचं तसंच झालं. मतदान झालं २३ जून २०१६ ला, ५१.९ टक्के "बाहेर पडा" म्हणाले, प्रत्यक्ष बाहेर पडले ३१ जानेवारी २०२० ला, आणि जुने नियम सुटले त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर.

ईयूत असताना बाहेरच्या देशाच्या मालावर ड्युटी, म्हणजे आयात कर, किती हे सगळ्यांचं मिळून एकच ठरतं, आणि वाटाघाटीला बसतात ते ब्रसेल्सचे लोक. म्हणजे १९७३ पासून ब्रिटनच्या एकाही माणसाला स्वतःच्या देशासाठी टेबलावर बसून ड्युटी ठरवायची वेळच आली नव्हती! मतदान झाल्यावर घाईघाईत नवं खातं काढलं, आणि मुख्य वाटाघाटीवाला म्हणून २०१७ मध्ये आणला कोण, तर क्रॉफर्ड फाल्कनर, न्यूझीलंडचा. १९७३ ला युरोपात जाताना ब्रिटनने ज्या न्यूझीलंडच्या लोण्या-मटणाला वाऱ्यावर सोडलं, त्याच न्यूझीलंडचा माणूस. मला याची फार गंमत वाटते.

मग पहिलं काम काय, तर फेरफार. ईयूचे जपानशी, कोरियाशी, आणखी साठेक देशांशी जे करार होते त्यात ब्रिटन ईयूच्या नावाखाली होता, ते सगळे आपल्या नावावर चढवून घ्यायचे. बातम्यांमध्ये "नवा करार, नवा करार" म्हणून जे आलं त्यातलं बरंचसं हे असं जुन्याच पाटीवर नवं नाव. आणि विहिरीची पाळी म्हणाल तर तेही झालं. न्यूझीलंडला युरोपात वर्षाला सुमारे २ लाख २८ हजार टन मेंढीचं मांस बिनड्युटी पाठवायचा कोटा होता, ईयू आणि ब्रिटनने आपसात ठरवलं की अर्धा तुझा अर्धा माझा, ज्याचा कोटा त्याला विचारलंच नाही. न्यूझीलंड म्हणाला अहो आमचं काय, लंडनला मागणी नसली तर तोच माल आम्ही जर्मनीला वळवायचो, आता दोन तुकडे केल्यावर वळवणार कसं? त्यात अमेरिका, ब्राझील, अर्जेंटिना वगैरे मिळून सात देशांनी पत्र दिलं. वाटणी भावांची, पण त्रास शेजारच्यांना.

प्रश्न (पुणे): मी वाचलं की ईयूशी झालेल्या करारात ड्युटी शून्य आहे. मग ब्रिटनचे व्यापारी रडतायत कशाला? उगाच राजकारण वाटतं मला.

राजकारण आहेच थोडं, पण रडणं खोटं नाही. करार ठरला २४ डिसेंबर २०२०, लागू १ जानेवारी २०२१. म्हणजे हजारावर पानांचा करार वाचायला व्यापाऱ्याला किती दिवस मिळाले तर एक आठवडा, तोही ख्रिसमसचा. ड्युटी शून्य आणि कोटाही नाही, एवढं छान. पण ड्युटी शून्य म्हणजे बॉर्डर शून्य नव्हे हो, इथेच सगळे फसतात.

त्या जानेवारीतला एक प्रसंग डच टीव्हीवर दाखवला होता. हूक ऑफ हॉलंड बंदर, ब्रिटनहून बोटीने आलेले ड्रायव्हर, कस्टमवाले गाडीत डोकावून बघतायत. एकाच्या हातात चांदीच्या कागदात गुंडाळलेली सँडविचं. आत काय? हॅम. म्हणजे मांस, म्हणजे ब्रिटनहून आता आणायचं नाही, जप्त. तो बिचारा म्हणतो मांस काढून घ्या, निदान पाव तरी ठेवा. अधिकारी म्हणतो नाही, सगळंच जाणार, "वेलकम टू द ब्रेक्झिट, सर, आय अ‍ॅम सॉरी". हसून म्हणतो वर. मी तो व्हिडिओ आमच्या ऑफिसात चारदा दाखवला असेल, कारण नव्या पोरांना नॉन-टॅरिफ बॅरियर, म्हणजे ड्युटीशिवायचा अडथळा, म्हणजे काय ते मी तासभर सांगून कळत नव्हतं ते त्या पावाने कळलं.

दुसरं म्हणजे माल मुळात कुठला हे सिद्ध करावं लागतं, आमच्या भाषेत ओरिजिन. ब्रिटनमध्ये पर्सी पिग म्हणून गुलाबी डुकराच्या तोंडाची जेलीची गोळी मिळते, मुलांमध्ये फार फेमस. ती बनते जर्मनीत, येते ब्रिटनला, आणि तिथून जायची आयर्लंडच्या दुकानात. आता जर्मनी ईयूत, आयर्लंडही ईयूत, पण मधे ब्रिटनला पाय लागला आणि तिथे तिच्यावर काहीच प्रक्रिया झाली नाही म्हणून ती "ब्रिटिश" नाही, मग शून्य ड्युटीची सवलतही नाही. ईयूतच बनलेली गोळी ईयूत परत जाताना ड्युटी भरणार! यात कोणाची चूक नाही, नियमच तसा आहे, पण ज्याने वीस वर्षं नुसता ट्रक भरून पाठवला त्याला हे पचायचं कसं.

आणि ब्रिटनने स्वतःच्या बाजूची तपासणी? ती पाचदा पुढे ढकलली, कारण आपल्याच लोकांचं खाणं महाग होईल ही भीती. मालाची प्रत्यक्ष तपासणी सुरू व्हायला एप्रिल २०२४ उजाडलं. आणि मे २०२५ मध्ये परत ईयूशी बसून ठरवलं की खाण्यापिण्याच्या मालाचे नियम जुळवून घेऊ म्हणजे तपासणी कमी करता येईल. त्याच बैठकीत युरोपच्या बोटींना ब्रिटनच्या पाण्यात मासेमारी २०३८ पर्यंत चालू. ब्रेक्झिटच्या प्रचारात मासेमारीवरून केवढा आरडाओरडा होता ते आठवा.

प्रश्न (तासगाव): आम्ही द्राक्ष पाठवतो, निम्मा माल हॉलंड, बाकी इंग्लंड. ब्रेक्झिटने आम्हाला काय फरक पडला? इंग्लंडचे नियम सैल झाले का?

दादा, सैल नाही झाले, डबल झाले म्हणा. आधी रेसिड्यूची, म्हणजे फळावर औषधाचा किती अंश चालतो त्याची, एकच यादी बघायची, युरोपची. १ जानेवारी २०२१ ला ब्रिटनने तीच यादी उचलून आपली केली, म्हणजे पहिल्या दिवशी दोन्ही सेम, पण त्यानंतर ब्रिटन स्वतःचे आकडे स्वतः ठरवतं आणि युरोप स्वतःचे. त्यामुळे आता एकाच बागेतून दोन कंटेनर भरले तरी फवारणीचं वेळापत्रक दोन्ही याद्यांना लावून बघायचं, आणि दोन्हीत जो आकडा कडक तो धरून चालायचं. वर उत्तर आयर्लंडला माल जाणार असेल तर तिथे वेगळं प्रकरण आहे, खरेदीदाराला आधीच विचारा.

२०१० तुम्हाला सांगायला नको. सीसीसीच्या (वेलीची वाढ रोखायला मारतात त्या औषधाच्या) अंशावरून युरोपात कंटेनरच्या कंटेनर अडकले, ज्या औषधाचं नाव तपासणीच्या यादीत आहे की नाही याचा कोणाला पत्ता नव्हता, आणि कर्ज मात्र बागायतदाराच्या डोक्यावर राहिलं. तेव्हा लंडनचा ग्राहक म्हणत होता आम्हाला माल हवाय, पण त्याच्या हातात काही नव्हतं, नियम ब्रसेल्सचा.

आंब्याचंही तेच. १ मे २०१४ पासून युरोपने हापूससकट भारतातल्या सगळ्या आंब्यांवर बंदी घातली, फळमाशी सापडली म्हणून, आणि सोबत वांगी, कारली, पडवळ आणि अळू. अळू! लंडनमधल्या कुठल्यातरी मराठी घरात त्या वर्षी श्रावणात अळूवड्या झाल्या नसतील ते या बंदीमुळे. लेस्टरचे तेव्हाचे खासदार कीथ वाझ, मूळ गोव्याच्या घरातले, त्यांनी बराच आवाज उठवला, पण निर्णय त्यांच्या संसदेचा नव्हताच तर करणार काय. आंब्यावरची बंदी उठली जानेवारी २०१५ मध्ये, ती आपल्याकडे गरम पाण्याची आणि वाफेची प्रक्रिया नीट बसवल्यावर. म्हणजे आज ब्रिटन एकटा असल्याचा आपल्याला एक फायदा आहेच, बोलायचं कोणाशी ते माहीत आहे, सत्तावीस देशांची मान डोलवावी लागत नाही. पण फळमाशीला ब्रेक्झिट कळत नाही, तपासणी आहे तशीच आहे.

नव्या करारात आपल्या बाजूने जवळपास ९९ टक्के प्रकारच्या मालावर ब्रिटनची ड्युटी शून्य होते, द्राक्षही त्यात आहे. चिली, पेरू, दक्षिण आफ्रिका हे आपले कॉम्पिटिटर आधीपासून सवलतीत जात होते, ती तफावत जाते एवढं खरं. बाकी गोड द्राक्ष आणि वेळेत जहाज, ते तुमच्या आणि देवाच्या हातात.

प्रश्न (मेलबर्न): इथे ऑस्ट्रेलियात सगळे म्हणतात आपण ब्रिटिशांना छान गुंडाळलं. खरंच का काका?

गुंडाळलं म्हणण्यापेक्षा ब्रिटनने स्वतःच घड्याळ लावून घेतलं. शून्यातून केलेला पहिला मोठा करार हा, ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान बॉरिस जॉन्सन यांना जून २०२१ च्या कॉर्नवॉलच्या जी-७ (बड्या सात देशांच्या) बैठकीआधी-नंतर काहीतरी हातात दाखवायचं होतं. डाउनिंग स्ट्रीटच्या बागेत तुमचे तेव्हाचे पंतप्रधान मॉरिसन आणि जॉन्सन यांनी एकमेकांना बिस्किटाचे पुडे दिले, इकडून पेंग्विन तिकडून टिम टॅम, फोटो मस्त आला. आणि करारात काय, तर तुमचं बीफ पहिल्याच वर्षी ३५,००० टन बिनड्युटी, दहाव्या वर्षी १,१०,००० टन, मेंढीचं मांस २५,००० पासून ७५,००० टन. वेल्सचा मेंढपाळ कपाळाला हात लावून बसला.

पुढे नोव्हेंबर २०२२ मध्ये जॉर्ज युस्टिस, जे तो करार झाला तेव्हा स्वतः ब्रिटनचे शेतीचे मंत्री होते, संसदेत उभे राहून म्हणाले की हा करार काही खास चांगला नव्हताच, आपण खूप दिलं आणि फार थोडं मिळवलं. त्यांचा रोख त्या तारखेवरच होता. आमच्या बाजारातही हेच आहे की, ज्या व्यापाऱ्याला आज संध्याकाळच्या गाडीने जायचंय त्याला कोण भाव कमी करेल? आणि एवढं करून ब्रिटनच्या सरकारचाच अंदाज की २०३५ पर्यंत या कराराने अर्थव्यवस्था ०.०८ टक्क्याने वाढेल. शून्याच्या पुढे टिंब, मग परत शून्य, मग आठ.

प्रश्न (मुंबई): मग भारताशी इतकी वर्षं का लागली? आपल्याकडच्या बाबूंची नेहमीची दिरंगाई, दुसरं काय!

दिरंगाई म्हणा, पण या वेळी तीच कामाला आली असं माझं मत. बोलणी सुरू झाली जानेवारी २०२२ ला. एप्रिलमध्ये जॉन्सन दिल्लीत येऊन म्हणाले दिवाळीपर्यंत संपवा. दिवाळी होती २४ ऑक्टोबरला, आणि जॉन्सन जुलैतच राजीनामा देऊन बसले, मग लिझ ट्रस आल्या, त्यांनीही २० ऑक्टोबरला राजीनामा जाहीर केला, आणि लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी ऋषी सुनक पंतप्रधान. करंज्या झाल्या, करार नाही. मधे त्यांच्याच एका मंत्रीणबाईंनी व्हिसा संपूनही राहणाऱ्यांत भारतीयच जास्त असं काहीतरी बोलून दिल्लीला चिडवलं ते वेगळंच.

भारत घाईत नव्हता. आपण २०१९ ला आरसेपमधून (चीनसकट आशियातल्या देशांच्या मोठ्या व्यापार करारातून) अगदी शेवटच्या क्षणी अंग काढून घेतलं होतं, आणि नंतर दुबईवाल्यांशी, ऑस्ट्रेलियाशी एकेक करत करार करत होतो. ब्रिटनला मात्र ब्रेक्झिटचं बक्षीस म्हणून भारत दाखवायचा होता. शेवटी ६ मे २०२५ ला जमलं आणि २४ जुलैला दोन्हीकडच्या व्यापारमंत्र्यांनी, पीयूष गोयल आणि जोनाथन रेनॉल्ड्स यांनी, सह्या केल्या, मोदी आणि स्टार्मर शेजारी. चौदा फेऱ्या झाल्या. डेअरी आपण उघडली नाही, सफरचंद नाही. ब्रिटनला व्हिस्की आणि गाड्या मिळाल्या, आणि वकिलीची दारं जी त्यांना हवी होती ती बंदच राहिली.

प्रश्न (मडगाव): स्कॉच. कधी. कितीने.

१५० टक्के ड्युटी करार लागू होताच ७५ आणि मग दहा वर्षांत उतरत ४०. पण ही ड्युटी लागते आयातीच्या किमतीवर, बाटलीवर छापलेल्या एमआरपीवर नाही. त्यावर राज्याची एक्साइज, होलसेलर, रिटेलर, सगळे आपापला घास घेणार. त्यामुळे "निम्म्या किमतीत स्कॉच" असं फॉरवर्ड आलं असेल तर डिलीट करा. गोव्यात एक्साइज कमी म्हणून तुम्हाला आधीच स्वस्त पडते, जळायची पाळी आमची.

प्रश्न (लंडनजवळून): कंपनीने दोन वर्षांसाठी पाठवलंय. पगारातून नॅशनल इन्शुरन्स (इथली सामाजिक सुरक्षेची वर्गणी) कापतात, जो मला कधीच मिळणार नाही. करारात काही आहे का?

आहे. त्यासाठी वेगळा सामाजिक सुरक्षा करार सोबत केलाय, कंपनीने तात्पुरतं पाठवलेल्या माणसाला ठरावीक वर्षांपर्यंत तिकडे भरायचं नाही, इकडचा पीएफ चालू ठेवायचा. भारत सरकारच्या म्हणण्याप्रमाणे सुमारे ७५,००० लोकांना फायदा होईल. पण हे कंपनीने पाठवलेल्यांसाठी, तिकडेच जाऊन नोकरी धरलेल्यांसाठी नाही, आणि आधी कापलेलं परत मिळेल अशा भ्रमात राहू नका. एचआरला पत्र टाका.

प्रश्न (सातारा): एका वाक्यात सांगा, ब्रिटनचा फायदा की तोटा?

एका वाक्यात मावत नाही. त्यांचंच ओबीआर म्हणून सरकारी खर्चावर नजर ठेवणारं कार्यालय आहे, ते म्हणतं ईयूत राहिले असते त्यापेक्षा उत्पादकता दीर्घकाळात ४ टक्क्यांनी कमी राहील. आता त्याच्यासमोर ऑस्ट्रेलियाच्या करारातून वाढणारे ०.०८ आणि भारताच्या करारातले ०.१ टक्के मांडा. ब्रिटनची चाळीस टक्क्यांवर निर्यात अजून ईयूतच जाते, शेजारी तो शेजारी. पण दुसरी बाजूही आहे, एप्रिल २०२५ ला ट्रम्पनी तो मोठा तक्ता हातात धरून टॅरिफ जाहीर केले तेव्हा ईयूवर २० टक्के आणि ब्रिटनवर १० लावले, तेव्हा लंडनमध्ये बरेच जण म्हणाले की बघा, वेगळं राहिल्याचं फळ. मला विचाराल तर मी कागद बघणारा माणूस, ज्या सौद्याला जास्त कागद लागतात तो महाग.

प्रश्न (कोल्हापूर): आमच्या घरी तीन पिढ्या चपलांचं काम. लंडनच्या एका दुकानाने १०० जोड मागितलेत. सह्या झाल्या म्हणजे ड्युटी आपोआप माफ ना?

आपोआप काहीच होत नाही हो. सही झाली म्हणजे साखरपुडा. त्यानंतर दोन्हीकडची मंजुरी, मग लागू व्हायची तारीख, आणि तुमचा माल त्या तारखेनंतर तिकडे पोचला पाहिजे. पार्सल टाकायच्या आधी तारीख बघा आणि खरेदीदारालाही बघायला सांगा, कारण तिकडे ड्युटी तो भरतो.

दुसरं, चपला-बुटांवर ब्रिटनची ड्युटी १६ टक्क्यांपर्यंत होती, नेमकी किती ते मालाच्या कस्टम-कोडावर. आणि इथे मी एका माणसाचं नुकसान डोळ्यांनी बघितलंय. चांगली अस्सल चपल, पण घाईत फॉर्म भरणाऱ्याने "रबर फुटवेअर"चा कोड टाकला, का तर मागच्या पार्टीचा फॉर्म कॉपी केला होता. माल तिकडे अडला, तीन आठवडे दंड-भाडं, चपला विकून जे मिळणार होतं त्यातलं बरंच गोडाऊनने खाल्लं.

तुमच्या चपलेचा कोड शोधायला फार लांब जायला नको. कस्टमच्या जगभरच्या पुस्तकात ६४०३.२० असा एक कोड आहे, त्याचं वर्णन काय तर तळवा चामड्याचा, आणि वर चामड्याचे पट्टे, एक पावलावरून आडवा आणि एक अंगठ्याभोवती. वाचताना मी एकदा मोठ्याने हसलो होतो, कोल्हापूरचं नाव न घेता कोल्हापुरीच लिहिलीय! पण तळव्याला रबर लावत असाल तर हा कोड चालणार नाही, तेव्हा आधी जोड उलटा करून बघा.

ओरिजिन तुम्ही स्वतः लिहून देऊ शकता, चेंबर ऑफ कॉमर्सच्या फेऱ्या माराव्याच लागतील असं नाही, आणि १,००० पौंडांच्या आतल्या पार्सलला ओरिजिनचा कागदच लागत नाही अशी सोय ठेवलीय. तुमचे १०० जोड त्या आकड्याच्या वर जातील असं वाटतं, दर कळवा म्हणजे हिशोब करून सांगतो. जीआय, म्हणजे "कोल्हापुरी" हे नाव वापरायचा हक्क, मात्र आठच जिल्ह्यांना आहे, आपले चार आणि कर्नाटकचे चार, त्यात तुम्ही आहातच, तेव्हा बिलावर "कोल्हापुरी" लिहायला लाजू नका आणि ते पट्टे कुठल्या टॅनरीचे त्याची पावती जपून ठेवा, विचारतात.